जर्दा: ताटातला आणि पानातला

जुन्या नाशकात लग्नाच्या जेवणात ‘जर्दा राहिला की तुमचा’ असा आग्रह झाला, तर तंबाखूला न शिवणाऱ्या पाहुण्याने दचकू नये. तो केशरी रंगाचा गोड भात असतो, आपल्या साखरभाताच्या जवळचा. पानटपरीवर ‘जर्दा टाकू का?’ असं विचारलं, तर मात्र तो तंबाखूच. क्रियापदावरूनही ओळखता येतं: भात वाढतात, तंबाखू पानात टाकतात.

दोन्हींचं मूळ एकच. फारसीत ‘जर्द’ म्हणजे पिवळा. भाताला ते नाव केशरामुळे पडलं, तंबाखूला वाळलेल्या पानाच्या रंगामुळे. अंड्यातल्या पिवळ्या बलकालाही फारसीत ‘जर्दा’च म्हणतात. आपला जर्दाळू म्हणजे ‘जर्द आलू’, पिवळा आलुबुखार. आणखी मागे गेलं की हा शब्द परका वाटेनासा होतो. अवेस्तेच्या, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत जिथे ‘ज’ येतो, तिथे बरेचदा संस्कृतात ‘ह’ असतो: जस्त आणि हस्त, जरन्य आणि हिरण्य. त्याच न्यायाने ‘जर्द’ आणि ‘हरित’ एका कुळातले, आणि हरिद्रा, म्हणजे आपली हळदही त्याच गोतातली. येवल्याच्या पैठणीतली जरी आली ती फारसी ‘जर’वरून, म्हणजे सोन्यावरून. तोही हिरण्याचाच भाऊबंद. मला तर ही साखळी दोन्ही जर्द्यांपेक्षा जास्त मोलाची वाटते.

दोघांत भात जुना. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त ‘जर्द बिरिंज’ म्हणजे पिवळ्या भाताची कृती आहे: तांदूळ, खडीसाखर, तूप, बेदाणे, बदाम, पिस्ते, आलं, केशर, दालचिनी आणि चक्क थोडं मीठही. तंबाखू अकबराच्या दरबारात पोचली ती १६०४च्या सुमारास. अकबराचा दूत असद बेग याने ती विजापूरहून नेली होती.

भात करताना एकच गोष्ट सांभाळायची. तांदूळ रंगाच्या पाण्यात आधी पुरता शिजवून निथळायचा आणि मगच साखर घालायची. कच्च्या शितावर साखर पडली की ते आकसून कडक होतं आणि नंतर कितीही दम दिला तरी मऊ पडत नाही. मग तुपात लवंग-वेलची, वरून मावा आणि सुकामेवा.

पानातल्या जर्द्यासाठी तंबाखूच्या पानांचे तुकडे चुना आणि मसाल्यांसोबत पाणी आटेपर्यंत उकळतात, वाळवतात, मग रंग आणि सुगंध देतात. वास वेलची-केशराचा आला, तरी आत तंबाखूच असते आणि तिने तोंडाचा कर्करोग होतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, आणि २०१३मध्ये सुगंधी तंबाखूही तिच्या कक्षेत आली.