कोकम सरबत

हॉस्पिटलच्या केमो डे-केअरमध्ये सिस्टरांनी लाल औषधाची जाडजूड सिरिंज आणली की शेजारच्या खुर्चीतल्या मावशी म्हणायच्या, “आलं गं तुझं कोकम सरबत!” बहिणीच्या पहिल्या केमोला हा विनोद मला भीषण वाटला होता. दुसऱ्या खेपेला बहीणच समोरच्या नव्या बाईंना विचारत होती, “तुमचं कोकम की साधं पाणी?”

ते लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. त्याचं मूळ इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूत आहे आणि रंगही त्याचाच. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. फाइलमधल्या छापील कागदावर हे होतं म्हणे. आम्हाला कळलं ते मावशींकडून: “घाबरू नकोस हां. मी पहिल्या वेळी ओरडत बाहेर आले होते.”

मळमळीचं गणित जरा गुंतागुंतीचं आहे. केमोमुळे आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूला चेतवतं आणि मेंदूला उलटीचा निरोप जातो. ऑन्डॅनसेट्रॉनची गोळी हा निरोप वाटेतच अडवते. पण काहींना औषध चढायच्या आधीच, वॉर्डाच्या दाराशी स्पिरिटचा वास आला तरी ढवळतं. पावलोव या शास्त्रज्ञाच्या कुत्र्याला घंटेपाठोपाठ खाणं मिळून मिळून नुसत्या घंटेनेही लाळ सुटायची, त्यातलाच प्रकार. शरीराने जागा आणि मळमळ यांची गाठ मारलेली असते आणि ती एकदा पक्की झाली की गोळ्यांना फारशी दाद देत नाही. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या 60 रुग्णांवरच्या प्रयोगात वेगळी वाट दिसली. अंग सैल सोडून केमोच्या प्रसंगांची टप्प्याटप्प्याने कल्पना करायला शिकलेल्यांचा हा त्रास कमी झाला. म्हणजे गाठ सुटू शकते. त्याच खोलीत कोणी खदखदून हसवलं तर तीही थोडी सैल होत असेल, हा माझा आपला अंदाज.

हसण्याचा वेदनेशी संबंध मात्र तपासलेला आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना एकत्र बसवून विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि वेदना कुठवर सोसवते ते मोजलं. त्यासाठी कधी हाताला गोठवलेलं वेष्टण, कधी बीपीचा पट्टा. हसल्यानंतर सोसण्याची मर्यादा वाढली. श्रेय एंडॉर्फिन या शरीरातल्याच वेदनाशामकाला असावं, असं त्यांचं म्हणणं.

मग असं एकत्र हसण्या-बोलण्याने आयुष्य वाढतं का? 1989 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात खळबळ उडवली होती. शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या 86 स्त्रियांपैकी ज्या वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून बोलत, त्या सरासरी 36.6 महिने जगल्या; बाकीच्या 18.9. पण 2001 मध्ये 235 स्त्रियांवर झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात हा फरक दिसला नाही. मन हलकं झालं, दुखणं कमी जाणवलं, विशेषतः आधी जास्त खचलेल्यांना. आयुष्य तेवढंच राहिलं.

मला तर हे वाचून हायसं वाटलं. “पॉझिटिव्ह राहा, मग बघ” म्हणणाऱ्या नातेवाइकांना ठाऊक नसतं की आजार वाढला तर तो दोषही ते रुग्णाच्याच माथी मारतात. आमच्या वॉर्डात कोपऱ्यातले एक काका कायम भिंतीकडे तोंड करून झोपत. मावशी त्यांच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. फक्त त्यांची सलाईन संपत आली की सिस्टरांना हाक मारायच्या.

तिसऱ्या खेपेला मावशींची खुर्ची रिकामी होती. केमोनंतर साधारण 10 ते 14 दिवसांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि 21 व्या दिवसापर्यंत बहुतेक सावरतात. मावशींच्या सावरल्या नव्हत्या. काउंट कमी आले म्हणून तारीख आठवडाभर पुढे गेली होती.

“सिस्टर,” बहीण म्हणाली, “माझी पण ढकलता येईल का हो एक आठवडा?”

“तुमचे काउंट चांगले आहेत,” म्हणत सिस्टर तिची शीर शोधू लागल्या.