माळ्यावरचा बंब का सुटत नाही?

ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडी किंवा नवी मुंबईतल्या वाशीच्या जुन्या सेक्टरांतल्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. करारावर सह्या होतात, भाड्याचा पहिला चेक जमा होतो, घोडबंदर रोडला नाहीतर ऐरोलीला तात्पुरतं घर ठरतं आणि मग सगळं अडतं ते माळ्यापाशी. तीस-चाळीस वर्षांचा संसार खाली उतरवायचा असतो. टेम्पोत तो मावेल, पण भाड्याच्या घरात मावणार नाही. बँकेत जन्मभर पैशापैशाचा हिशेब चोख ठेवलेले आजोबा पाणी तापवायच्या, तोटी तुटलेल्या पितळी बंबासमोर बसून राहतात. घरातले वैतागतात, "बाबा, काय त्यात जीव अडकवून बसलात!"

याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. हातात असलेली वस्तू सोडायची वेळ आली की मेंदू तिची किंमत वेगळ्याच दराने लावतो. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी ओळखला जातो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाचं चिन्ह असलेला एकेक मग दिला. दुकानात तो ६ डॉलरला मिळत होता. ज्यांना मग मिळाला त्यांना विचारलं, कितीला विकाल? बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांचा मधला आकडा (मध्यक) निघाला सव्वापाच डॉलर, घेणाऱ्यांचा अडीच डॉलरच्या आसपास. मालकी येऊन तासभरही झाला नव्हता, तरी दर दुप्पट झाला होता. बंबाची मालकी तर तीन पिढ्यांची आहे.

यावर एक साधा उपाय चालतो. वस्तू समोर ठेवायची आणि स्वतःला विचारायचं: ही माझी नसती, आज रस्त्यात भंगारवाल्याच्या गाडीवर दिसली असती, तर किती रुपये देऊन मी ती घरी आणली असती? उत्तर मनातल्या मनात देऊ नका, आकडा कागदावर लिहा. मनातलं उत्तर हमखास फिरतं. जास्तीचे मिक्सर, प्लास्टिकच्या खुर्च्या, जुने चार्जर, कुणाच्या तरी लग्नात आलेले काचेचे सेट यांचा निकाल या एका प्रश्नाने लागतो. मूळ किंमत मात्र मध्ये आणायची नाही. "घेतला तेव्हा अठराशेचा होता" हे वाक्य आलं की समजा, गाडी रुळावरून घसरली. ते अठराशे वस्तू ठेवल्यानेही परत येत नाहीत आणि दिल्यानेही येत नाहीत.

बंबापाशी मात्र हा प्रश्न थिटा पडतो. झाकण उघडून पाहा. मधल्या नळकांड्याला आतून काजळी धरलेली, खालच्या जाळीत राखेचा थर, बाहेरच्या पितळेवर ठाण्याच्या दमट हवेने चढवलेला काळपट-हिरवा डाग आणि कडेला कोरलेलं आजीचं नाव. इथे प्रश्न पैशांचा राहत नाही. हा बंब गेला की आजीशी असलेला एक धागा जाईल, असं वाटतं. ते वाटणं शरीरात उमटतं: छाती जड होते, घशात आवंढा येतो, हात मागे येतो.

डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या क्षणाचा मेंदूतला ठसा टिपला. लोकांना घरून स्वतःची टपालं, जाहिराती, कागद आणायला सांगितलं. स्कॅनरमध्ये एकेक कागद दाखवून विचारलं, ठेवायचा की टाकायचा? सोबत दुसऱ्याचेही कागद होते. ज्यांना वस्तू साठवण्याचा विकार होता, त्यांच्या मेंदूतले इन्सुला आणि पुढचा सिंग्युलेट कॉर्टेक्स हे भाग दुसऱ्याच्या कागदांपाशी थंड होते, पण स्वतःच्या कागदांवर निर्णय घेताना प्रमाणाबाहेर पेटले. शरीराच्या आतल्या जाणिवा टिपणं आणि "हे महत्त्वाचं आहे, इथे चूक होऊ शकते" असा इशारा देणं, यांत या भागांचा मोठा वाटा असतो. कागद रद्दीचाच होता, इशारा मात्र धोक्याचा होता. इशारा खरा असतो, म्हणजे तो जाणवतो. म्हणून त्यातला मजकूरही खरा असतो असं नाही.

अशा वेळी मोठी माणसं सांगतात, मन घट्ट करा, त्याचा विचारच करू नका. मला हा सल्ला सगळ्यांत घातक वाटतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्याची सूचना दिली आणि आला तर घंटी वाजवायला सांगितलं. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा या विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त वेळा आलं. विचार दाबायचा तर तो आला का हे सतत तपासावं लागतं, आणि तपासणं म्हणजे आठवणंच.

याच्या उलट वाट स्वीकाराची. हेडी कोबर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ध्यानाचा अनुभव नसलेल्या लोकांना एवढंच शिकवलं: जे जाणवतंय ते आहे तसं असू द्या, बरं-वाईट ठरवू नका. मग हातावर चटका बसेल इतकी उष्णता दिली, मन अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली. स्वीकाराच्या वेळी वेदना कमी नोंदवली गेली आणि चित्रं पाहताना ॲमिग्डाला या मेंदूतल्या भीती-धोक्याची दखल घेणाऱ्या भागाची हालचाल मंदावली. त्यासाठी कपाळामागच्या, मन आवरणाऱ्या भागाला जादा राबावं लागल्याचं दिसलं नाही. थकल्याभागल्या माणसाला सामान आवरताना याचा फार उपयोग आहे, कारण मन मारायला लागणारी ताकद संध्याकाळी सातला शिल्लक नसते.

प्रत्यक्षात ते असं करायचं. वस्तू दोन्ही हातांत धरा. शरीरात कुठे काय होतंय ते शब्दांत सांगा: "छातीत दाब आहे, गळा भरून आलाय." मनात आलेल्या वाक्यापुढे "असा विचार आला" हे शब्द जोडा, "आजी दुखावेल, असा विचार आला." मग त्रास ० ते १० मध्ये किती आहे ते लिहा, आणि त्रास असतानाच वस्तू देण्याच्या पेटीत ठेवा. तो ओसरेपर्यंत थांबू नका. इथेच बहुतेक जण चुकतात. दहा मिनिटांनी पुन्हा आकडा लिहा, दुसऱ्या दिवशी लिहा, आठवड्याने लिहा. साठवणुकीच्या विकारावरच्या उपचारांतही अशा नोंदी ठेवायला सांगतात. आकडा बहुधा उतरतो, आणि स्वतःच्या अक्षरातला उतरता आकडा पाहिला की पुढच्या वस्तूपाशी हात तेवढा मागे येत नाही.

सुरुवात ताबा देण्याच्या तारखेआधी दीड-दोन महिने करा. पहिल्या आठवड्यात बंब, फोटो, पत्रं, पैठण्या यांना हातच लावायचा नाही. स्वयंपाकघराचा खालचा कप्पा, बाथरूमच्या वरची अडगळ इथून सुरू करा. एका बैठकीला अर्धा तास पुरे. त्यापुढे निर्णय घ्यायचा कंटाळा येतो आणि सगळं "असू दे, लागेल कधीतरी"मध्ये जातं. रद्दी देण्याआधी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि बिल्डरशी झालेला करार वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा. पुनर्विकासाच्या घरात ही कागदं चुकून वजनावर गेली तर पुढची दोन वर्षं खेटे घालावे लागतात. "नंतर ठरवू" असा खोका एकच ठेवा. दोन झाले की चार होतात.

दिलेली वस्तू त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एकच ठेवायला सांगितलं. काहींना निर्णय बदलायची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा असलेल्यांना आपला फोटो नंतर कमी आवडला. निर्णय पक्का झाला की मन त्याच्याशी जुळवून घेतं. दार उघडं असलं की ते उंबऱ्यातच घुटमळतं. त्यामुळे "भावाकडे ठेवतो, लागलं तर आणू" ही सोय वाटते तितकी सुखाची नाही.

देण्याआधी फोटो मात्र जरूर काढा. पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत कॅरेन विंटरिच आणि सहकाऱ्यांनी दान मोहीम राबवली. साध्या आवाहनाला ५३३ वस्तू आल्या. "फोटो ठेवा, वस्तू द्या" असं सांगितलं तिथे ६१३. बंबाचा अख्खा फोटो घ्या, कोरलेल्या नावाचा जवळून घ्या, आणि त्यावर पाणी कोण तापवायचं, पहिली आंघोळ कोणाची, हे दोन ओळींत लिहून ठेवा. सगळंच द्यायला हवं असंही नाही. पैठणी ठेवायची तर नेसा, निदान वर्षातून दोनदा घडी मोडून उलटी घाला. जरीचे धागे एकाच घडीत राहिले की त्या रेषेवरच तुटतात, तेव्हा नुसतं ठेवणं म्हणजे जपणं नव्हे.

माळ्यावर आणखी एक प्रकारचं सामान असतं आणि ते सगळ्यांत जड. भाता फाटलेली बाजाची पेटी. मुलाच्या स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांचा गठ्ठा. कधीतरी सुरू करायच्या व्यवसायासाठी आणलेलं शिलाई मशीन. इथे वस्तूपेक्षा अपुरी इच्छा धरून ठेवलेली असते. मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश गेली वीसहून अधिक वर्षं नेमकं हेच अभ्यासतात. ग्रेगरी मिलर यांच्याबरोबर त्यांनी किशोरवयीन मुलींवर केलेला अभ्यास २००७ मध्ये आला. अशक्य झालेलं ध्येय सोडायला ज्यांना जड जात होतं, त्यांच्या रक्तात वर्षभरात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढत गेलं. शरीरात दाह असल्याची ही खूण. सोडू शकणाऱ्यांत ती वाढ कमी होती. व्रॉश यांच्या इतर अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ध्येय सोडल्यावर त्या जागी नवं, आवाक्यातलं काही धरणाऱ्यांना आयुष्यात जास्त अर्थ सापडतो. नुसतं रिकामं झाल्याने पोकळी राहते. पेटी शिकणाऱ्या मुलीला द्या, पण त्याच आठवड्यात भजनी मंडळात नाव घाला. जे गाणं चाळीस वर्षं उद्यावर पडलं होतं, ते निदान समूहात तरी गळ्यातून येईल.

दुसऱ्याच्या वस्तू त्याच्या पश्चात टाकू नका. आईबाबा गावी गेलेत तोवर माळा साफ करणारी मुलं भलं करायला जातात; आईबाबा परत येतात ते संशय घेऊन, आणि पुढे उरलेली प्रत्येक चिंधी पकडून बसतात. गेलेल्या माणसाच्या कपड्यांना तर तारीख लावूच नये. ते अगदी शेवटी घ्या, आणि एखादा सदरा तसाच राहिला तर राहू द्या. पण वर्ष उलटलं तरी दुःख पहिल्या दिवसाइतकंच तीव्र असेल आणि रोजची कामं होत नसतील, तर मदत घ्यायला हवी. खोल्या वावरायच्या लायक राहिल्या नसतील, गॅसपर्यंत पोचायची वाट सामानाने बंद झाली असेल, तर तोही वेगळा आजार आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ पासून त्याची स्वतंत्र नोंद केली आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं. फोन घरातल्या दुसऱ्या कुणी केला तरी चालतो.