देसालिन, झाँ-झाक

देसालिन, झाँ-झाक : (सु. १७५८–१७ ऑक्टोबर १८०६). हैतीच्या स्वातंत्र्ययुद्धाचा अखेरचा सरसेनापती आणि स्वतंत्र हैतीचा पहिला राज्यकर्ता. सँ-दोमँग (आजचे हैती) या कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतीत ऊस-कॉफीच्या मळ्यांवर सुमारे ५ लाख गुलाम राबत होते; देसालिन त्यांपैकीच एक. देसालिन हे आडनावही त्याला विकत घेणाऱ्या एका मुक्त कृष्णवर्णीय मालकाचे.

ऑगस्ट १७९१ मध्ये वसाहतीच्या उत्तर भागात गुलामांचा उठाव झाला. देसालिन पुढे उठावाचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याच्या फौजेत चढत गेला आणि त्याचा उजवा हात बनला. १८०२ मध्ये नेपोलियनने धाडलेला त्याचा मेहुणा लक्लेर्क मोठ्या सैन्यानिशी येऊन थडकला. क्रेत-आ-पिएरोच्या गढीवर फ्रेंचांना जबर किंमत मोजावी लागली. तरीही काही आठवड्यांतच देसालिनने त्यांच्याशी जुळवून घेतले आणि काही महिने बंडखोरांवरच हत्यार चालवले. त्याचे गोडवे गाणारे हा भाग घाईने उरकतात. ग्वादेलूप या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत गुलामगिरी परत आणल्याचे कळल्यावर ऑक्टोबर १८०२ मध्ये तो फ्रेंचांवर उलटला. तूसाँ तोवर फ्रान्समध्ये कैदेत होता आणि पीतज्वराने फ्रेंच छावण्या ओस पडत होत्या.

मे १८०३ मध्ये आर्काए येथे कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय सेनानींनी त्याचे नेतृत्व मान्य केले. परंपरा सांगते, की तिथेच त्याने फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा फाडून टाकला आणि उरलेले निळे-लाल तुकडे कातरीन फ्लोँने एकत्र शिवले. १८ नोव्हेंबरला व्हेर्तिएरच्या लढाईत फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह येथे स्वातंत्र्य घोषित झाले आणि देशाने बेटाच्या मूळ रहिवासी ताइनो लोकांचे ‘हैती’ हे जुने नाव घेतले.

त्यानंतरच्या काही महिन्यांत त्याच्या हुकमावरून मागे राहिलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली; बळींची संख्या बहुधा ३,००० ते ५,००० धरली जाते. बायका-मुलेही सुटली नाहीत. फ्रेंचांची बाजू सोडून आलेल्या पोलिश सैनिकांना मात्र अभय मिळाले. १८०५ च्या राज्यघटनेने गुलामगिरी कायमची रद्द केली, गोऱ्यांना जमीनमालकीची बंदी केली (पोलिश आणि जर्मन नागरिक वगळून) आणि वर्ण कोणताही असो, सर्व हैतीवासीयांना ‘कृष्णवर्णीय’ ठरवले.

त्याचे खरे अपयश शेतीत दिसते. निर्यातीचा पैसा आणि त्यावर पोसली जाणारी फौज हवी, म्हणून सम्राट झालेल्या देसालिनने मळे मोडू दिले नाहीत. मजुरांना सैनिकी पहाऱ्यात मळ्यांशी जखडले. चाबूक बंद झाला, पण मळा सोडून जाण्याची मुभा नव्हती. दुसरीकडे, गोऱ्या बापांच्या जमिनींवर हक्क सांगणाऱ्या मिश्रवंशीयांचे दस्तऐवज तपासायला घेऊन त्याने दक्षिणेतला जमीनदार वर्ग दुखावला. तिथूनच बंड उठले. पोर्तो-प्रँसजवळ पाँ-रूज येथे त्याच्याच अधिकाऱ्यांनी दबा धरून त्याला ठार केले. लवकरच उत्तरेत क्रिस्तोफ आणि दक्षिणेत पेत्याँ या दोन सेनानींमध्ये देशाची फाळणी झाली. देसालिनचे नाव अनेक वर्षे सरकारदरबारी वर्ज्यच होते. शंभराव्या स्वातंत्र्यवर्षी, १९०४ मध्ये, राष्ट्रगीताला त्याचे नाव मिळाले.