निर्वाह वेतन: घरखर्चावरून मजुरी ठरवण्याचा इतिहास

किमान वेतन आणि निर्वाह वेतन यांची गल्लत नेहमीच होते. किमान वेतन ठरवताना मालकाला किती झेपेल तेही पाहिलं जातं. निर्वाह वेतनाचा हिशेब मात्र मजुराच्या घरातून सुरू होतो.

असा एक गाजलेला हिशेब १९०७ साली मेलबर्नमध्ये झाला. मजुरी 'रास्त आणि वाजवी' असेल तरच शेतीयंत्रांच्या कारखानदारांना अबकारी करातून सूट, अशी ऑस्ट्रेलियन कायद्याची अट होती. रास्त म्हणजे किती, ते कायद्यात कुठेच नव्हतं. सनशाइन हार्वेस्टर कारखान्याचा अर्ज आला तेव्हा न्यायमूर्ती हिगिन्स यांनी बाजारभाव बाजूला ठेवून कामगारांचे घरखर्च तपासले. भाडं, किराणा, सरपण यांतच आठवड्याला सरासरी ३२ शिलिंगांहून जास्त जात होते. दिवाबत्ती, कपडे, बूट वेगळेच. दिवसाला ६ शिलिंग मिळवणाऱ्याच्या हाती सहा दिवसांचे ३६ पडत. पाच माणसांच्या कुटुंबासाठी दिवसाला किमान ७ शिलिंग हवेत, असं त्यांनी ठरवलं. पुढच्याच वर्षी तो करकायदा वरिष्ठ न्यायालयात रद्द झाला, पण हिगिन्स यांचं माप मालक-कामगारांचे तंटे सोडवणाऱ्या लवादात टिकलं.

मापात खोटही होती. 'कुटुंब' म्हणजे कमावता नवरा, बायको आणि तीन मुलं. १९१२ साली फळबागांच्या खटल्यात हिगिन्स यांनीच फळं भरणाऱ्या बायकांना कमी दर लावला, कारण घर चालवणं पुरुषाचं काम मानलेलं. फळं तोडणाऱ्या बायकांना पुरुषांइतकाच दर दिला, तोही मालकांनी स्वस्तात बायका लावून पुरुषांना काढू नये म्हणून!

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या सनदेत पुरेशा निर्वाह वेतनाचा उल्लेख आला. पण कायदे झाले ते मुख्यतः किमान वेतनाचे, आणि ते आकडे महागाईच्या मागे पडत गेले. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये चर्चच्या मोफत जेवणाच्या रांगेत नोकरी असलेली माणसंही दिसू लागली. तिथल्या चर्च आणि कामगार संघटनांच्या रेट्यामुळे १९९४ साली महापालिकेनं आपल्या कंत्राटदारांना ताशी ६.१० डॉलरची अट घातली. देशाचं किमान वेतन तेव्हा ४.२५ डॉलर होतं. २००१ पासून पूर्व लंडनमध्येही अशीच चळवळ सुरू झाली.

२०१६ साली ब्रिटिश सरकारनं हेच नाव उचललं, हिशेब नाही. २५ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी सरकारी 'राष्ट्रीय निर्वाह वेतन' होतं ताशी ७.२० पौंड. घरखर्चावरून काढलेला चळवळीचा आकडा होता ८.२५, लंडनसाठी ९.४०.