कपडे धुण्याची द्रव्ये : ठाणे आणि नवी मुंबई

कपडे धुण्याची द्रव्ये : कपड्यांतला मळ, घाम, तेल आणि डाग काढण्यासाठी पाण्यात मिसळायचे साबण, डिटर्जंट, ब्लीच, धुण्याचा सोडा, नीळ, खळ, सॉफ्टनर इत्यादी पदार्थ. यांतले कोणते किती घ्यावे हे आधी पाणी ठरवते, मग कापड, मग डाग. फेस आणि सुगंध यांचा स्वच्छतेशी फारसा संबंध नाही. ठाणे व नवी मुंबईत एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांचे पाणी निराळे असू शकते, त्यामुळे शेजारणीला मानवलेली पावडर आपल्याला मानवेलच असे नाही.

नवी मुंबईच्या मोठ्या भागाला खालापूर तालुक्यातल्या धावरी नदीवरील मोरबे धरणाचे पाणी येते. ठाण्याला भातसा, उल्हास आणि बारवी या नद्यांचे. सह्याद्रीच्या उतारावर पडलेल्या पावसाचे हे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी फारसे लादलेले नसते, म्हणजे ते सुफेन असते. बोअरवेलचे पाणी वेगळे. ते बहुधा दुष्फेन, म्हणजे अशा क्षारांनी भरलेले असते आणि खाडीच्या बाजूला मचूळही लागू शकते. घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या सोसायट्या टँकरवर दिवस काढतात, तिथे तर या आठवड्याचे पाणी मागच्या आठवड्यासारखे असेल याचा भरवसा नाही. लिटरमागे 60 मिलिग्रॅमपर्यंत काठिण्य (म्हणजे या क्षारांचे प्रमाण) असलेले पाणी सुफेन आणि 180 च्या वरचे फार दुष्फेन समजतात. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक मात्र 200 पर्यंतचे काठिण्य स्वीकारते आणि दुसरी सोय नसेल तिथे 600 पर्यंत चालवून घेते. पिण्यात काहीच वावगे न वाटणारे पाणी कपड्यांचे हाल करू शकते ते यामुळे. घरी पाहायचे तर बाटलीत अर्धे पाणी घेऊन त्यात अंगाच्या साध्या साबणाचा कीस टाकून हलवावे. भरपूर फेस आला तर पाणी सुफेन, दह्यासारख्या गुठळ्या होऊन पाणी गढुळले तर दुष्फेन.

त्या गुठळ्या म्हणजे साबणाची कॅल्शियमशी झालेली संयुगे. तीच कापडात बसून पांढऱ्याला राखट करतात. धुण्याचा सोडा हे क्षार आधीच खाली बसवतो, म्हणून साबणाबरोबर सोडा वापरायची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. डिटर्जंटमध्ये ही अडचण पुष्कळच कमी होते. हिंदुस्थान लिव्हरने 1959 मध्ये सर्फ आणले, 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू केले, आणि साबणाच्या पिवळ्या वडीची जागा हळूहळू पावडरीने घेतली. आजच्या बहुतेक पावडरींत लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनेट हे मुख्य द्रव्य असते. त्याच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला.

मोरबेच्या किंवा भातसाच्या पाण्यात पाकिटावरच्या मापापेक्षा थोडी कमी पावडर घेऊन पाहावी. शेवटच्या पाण्यालाही बुळबुळीतपणा असेल, वाळलेला टॉवेल पापडासारखा कडक होत असेल, तर माप जास्त झाले आहे. बोअरच्या पाण्याला उलट थोडी जास्त पावडर किंवा सोबत सोडा लागतो. फ्रंट लोड मशीनला तिच्यासाठीचीच ‘मॅटिक’ पावडर घालावी. तिथे कपडे आपटून स्वच्छ होतात आणि बादलीसाठीच्या पावडरीचा फेस मधे गादीसारखा येतो.

चांगल्या पावडरीत विकरे (एन्झाइम) असतात : प्रथिनांवर चालणारे प्रोटीएज, पिष्टावर चालणारे अमायलेज, तेलावर चालणारे लायपेज. त्यांना कोमट पाणी आणि वेळ लागतो, उकळत्या पाण्यात ती निकामी होतात. रक्ताच्या किंवा दुधाच्या डागावर तर आधी थंडच पाणी घालावे, गरम पाण्याने प्रथिन धाग्यात गोठते. रेशीम आणि लोकर हीही प्रथिनेच, म्हणून पैठणीला किंवा स्वेटरला विकरांची पावडर लावू नये.

हळदीच्या डागाबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण मराठी घरात त्याच्याइतका हटवादी डाग दुसरा नाही आणि त्याच्याइतके चुकीचे उपायही दुसऱ्या कशावर होत नाहीत. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडते, साबण लावताच पिवळा डाग लालभडक होतो आणि घाबरून तो जोरात घासला जातो. हळदीतले कर्क्युमिन आम्लारीत लाल होते. शाळेत हळदीचा कागद दर्शक म्हणून वापरतात तो याच गुणावर. साबण नीट खंगाळून काढला की डाग पुन्हा पिवळा होतो, काहीही बिघडलेले नसते. आधी भांड्यांच्या लिक्विडने फोडणीचे तेल काढावे, मग नेहमीसारखे धुऊन कपडा ओलाच कडक उन्हात टाकावा. कर्क्युमिन प्रकाशाने मोडते. लग्नातल्या हळदीचे कपडेही दोन-तीन उन्हांत खूप फिके होतात. जुलैत ऊनच नसते तेव्हा ऑक्सिजन ब्लीचचा आधार घ्यावा.

ब्लीच दोन जातींचे. क्लोरीन ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी. ते फक्त पांढऱ्या सुती कपड्यांसाठी, तेही बादलीभर पाण्यात आधी मिसळून. रेशीम, लोकर आणि ताणले जाणारे लायक्राचे कापड त्याने पिवळे आणि कमकुवत होते. बाटलीतल्या ब्लीचचा जोर उष्णतेने व दिवसांनी उतरत जातो, म्हणून बाटली लहान आणि ताजी घ्यावी. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर हेच ब्लीच पांढऱ्या कपड्यांवर गंजाचे पिवळे-तांबूस ठिपके उमटवते आणि ते घालवायला आणखी ब्लीच ओतले की ठिपके वाढतात. त्यांवर लिंबू आणि मीठ चोळून कपडा उन्हात ठेवावा. संडास धुण्याच्या ॲसिडजवळ तर हे ब्लीच कधीही नेऊ नये. दोन्ही मिसळताच विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि आपल्याकडच्या अरुंद न्हाणीघरात तो लगेच छातीत जातो.

ऑक्सिजन ब्लीच म्हणजे बहुधा सोडियम परकार्बोनेट. पाण्यात त्याचा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतो. बहुतेक पक्क्या रंगांना ते चालते, पण थंड पाण्यात फार सुस्त असते. गीझरच्या साधारण 40 अंश पाण्यात तासभर भिजवले तरच पैसे वसूल होतात. रेशीम-लोकरीला हेही नको.

नीळ मळ काढत नाही. जुने कापड पिवळसर दिसते, निळा रंग त्या पिवळेपणाला मारतो, इतकेच. पुडीतली नीळ पाण्यात विरघळत नाही, ती तळाशी बसते आणि कपड्यावर निळे डाग उमटतात, म्हणून ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून फिरवायची असते. 1983 मध्ये केरळात सुरू झालेल्या उजालाने जांभळसर द्रवाच्या थेंबांवर हे काम सोपे केले. रानीपालसारखी चकाकीद्रव्ये अदृश्य अतिनील प्रकाश घेऊन निळसर प्रकाश परत टाकतात. हल्ली ती पावडरीतच असतात, त्यामुळे मोतिया रंगाच्या कपड्याची छटा कधी बदललेली दिसते.

सॉफ्टनर शेवटच्या पाण्यातच घालावा, डिटर्जंटबरोबर घातला तर दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात. टॉवेलला तो नको, पाणी टिपणे कमी होते. पावसाळ्यात कपड्यांना येणारा कुबट वास सॉफ्टनरच्या सुगंधाने झाकला जातो, जात नाही. तो ओल्या धाग्यांत वाढणाऱ्या जीवाणूंचा असतो. कपडे दाटीवाटीने न टांगता पंख्याखाली लवकर वाळवणे, टॉवेल आणि चादरी अधूनमधून गरम पाण्यात धुणे, हाच त्यावर इलाज.

धुण्याचे पाणी शेवटी ठाणे खाडीकडे जाते. तिथले फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले आणि 2022 मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरले. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटने शेवाळ माजते आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, म्हणून फॉस्फेटरहित पावडर घेणे इथे अधिक अगत्याचे. मशीन बाल्कनीत ठेवून तिचा पाइप पावसाच्या पाण्याच्या नळीत सोडला असेल, तर ते पाणी प्रक्रिया केंद्राकडे न जाता नाल्यातून सरळ खाडीत पोचते. तो पाइप न्हाणीघराच्या जाळीत सोडून घ्यावा, प्लंबरचे ते थोड्या वेळाचे काम आहे.