तांबडा रस्सा आणि खुनाची डॉक्युमेंटरी

नाताळच्या सुट्टीत कोल्हापूरला बहिणीकडे गेले की दोन गोष्टी ठरलेल्या. संध्याकाळी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून केक आणि करंज्यांचं ताट येतं. रात्री जेवणं उरकली की सगळे एकाच गोधडीत पाय घालून खऱ्या खुनाच्या तपासावरची डॉक्युमेंटरी बघतात. यंदा भाचीनं माझा हात घट्ट धरला. "मावशी, लय भ्या वाटाय लागलंय. पण बंद करू नकोस की!"

भीती नकोशी असते, तर ती हवीशी का वाटते? याच्या उत्तराचा एक धागा त्या रात्रीच्या ताटातच होता.

मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, जिभेवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, ती मुळात चटका ओळखण्यासाठी आहे. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर ती जागी होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये ती शोधली आणि २०२१ च्या नोबेलमध्ये ज्युलियस यांचा वाटा होता. म्हणजे तांबडा रस्सा निवलेला असला तरी मेंदूला निरोप जातो, 'तोंड भाजलं!' घाम फुटतो, नाकाडोळ्यांतून पाणी येतं. प्रत्यक्षात भाजलेलं काहीच नसतं, आणि ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी ही आवड अनेक वर्षं अभ्यासली. मेक्सिकोतल्या एका गावात तिखट खरकटं खाऊन वाढलेल्या कुत्र्या-डुकरांनाही तिखटाची गोडी लागलेली त्यांना आढळली नाही. माणसाला मात्र लागते, आणि सहन होणार नाही त्याच्या जरासंच अलीकडचं तिखट त्याला सगळ्यात जास्त आवडतं. शरीर घाबरलंय, पण धोका नाही हे मनाला कळतंय, या फरकातच मजा आहे असं रोझिन मांडतात. भीतिदायक गोष्टींची आवडही ते याच घरात बसवतात. मला हे फार पटतं. पडद्यावर खुनी दार ढकलतो तेव्हा भाचीचं काळीज धडधडतं, पण पायाला गोधडीची ऊब असते आणि शेजारी मावशी असते.

या आवडीला दुसरंही एक कारण आहे. अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली यांच्या २०१० च्या अभ्यासात खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं पुरुषांपेक्षा स्त्रियांनी जास्त निवडली. बळी पडणारी व्यक्ती कशी निसटली याची युक्ती पुस्तकात असेल, तर त्यांची ओढ आणखी वाढत होती. आमच्या घरातही "ती एकटी त्या गाडीत बसलीच कशाला?" हा प्रश्न प्रत्येक वेळी बायकाच विचारतात. धोका कसा येतो, हे त्या शिकून ठेवत असाव्यात.

भाग संपला, दिवा लागला, दाजींनी केक कापता कापता एक साधाच विनोद केला आणि आम्ही पोट धरून हसलो. डॉल्फ झिलमन यांनी १९७१ मध्ये मांडलेली कल्पना इथे लागू पडते. भीतीनं चढलेली धडधड लगेच उतरत नाही, आणि ती उरलेली असताना पुढची भावना आली की तिलाही जोर चढतो. सणाच्या हसण्याखेळण्यात ही भयकथा म्हणूनच खपून जाते.

तिखटाचा त्रासही होतोच. त्या रात्री बहिणीनं कडी दोनदा तपासली. जे सहज आठवतं ते वारंवार घडतं असं मेंदू धरून चालतो, हे अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं. भारतात २०२२ मध्ये खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे जवळजवळ सहापट. तरी सकाळी रंकाळ्यावर फिरायला निघताना गाडीवर बसलेल्या कोणाच्याच डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मी ते आणायला लावलं.

रश्श्याची उपमा मात्र एका ठिकाणी तुटते. मिरचीचा निरोप खोटाच असतो. डॉक्युमेंटरीतला धोका आपल्यापुरता खोटा असला, तरी कोणासाठी तरी तो खरा होता. हे भाचीला माझ्याआधी जाणवलं. झोपताना तिनं अंधारात विचारलं, "मावशी, त्या पोरीची बहीण दाखवली नव्हती का, तिच्या घरी नाताळ करत असतील काय गं आता?"