हेक गुरं म्हणजे ऑरॉक्स नव्हेत

‘जर्मनांनी नामशेष रानबैल पुन्हा जिवंत केला’ ही गोष्ट अधूनमधून फिरत असते. तसं काही घडलेलं नाही. ऑरॉक्स हा आजच्या गुरांचा रानटी पूर्वज. त्यातली शेवटची गाय १६२७ साली पोलंडमधल्या याक्तोरूव्हच्या जंगलात मेली. १९२०च्या दशकात म्युनिकचे हाइन्झ हेक आणि बर्लिनचे लुट्झ हेक या प्राणिसंग्रहालयवाल्या भावांनी पाळीव जातींचाच संकर करून शिंगं नि रंग जुळवायला घेतले. दहा-बारा वर्षांत ‘जमलं’ म्हणून मोकळेही झाले! ऑरॉक्सचा बैल खांद्याशी १६० ते १८० सेंटिमीटर भरायचा, हेक बैल जेमतेम १४०च्या आसपास. त्यातही दोघा भावांनी निवडलेल्या जाती वेगवेगळ्या. लुट्झचा कळप महायुद्धात संपला. आजची हेक गुरं म्युनिकच्या कळपाची वंशज आहेत.